नोंद आणि पुरावा

बी.एड.च्या सराव पाठाचे एक ठरलेले छायाचित्र असते. ते पाठाच्या पाचव्या-सहाव्या मिनिटाला काढतात. तोवर फळ्यावर तारीख, इयत्ता, तासिका आणि घटकाचे नाव लिहून झालेले असते, आणि खडूची धूळ अजून कपड्यांवर उतरलेली नसते. सहाध्यायी शेवटच्या बाकामागे उभा राहून मोबाइल आडवा धरतो. शिकवणारा छात्राध्यापक एका हाताने तक्ता छातीशी धरतो, दुसऱ्या हाताने त्यावर बोट ठेवतो आणि मुले हात वर करतात. प्रश्न अजून विचारलेला नसतो. पण मागे मोबाइल उंचावला की पुढे हात उंचावायचे, हे मुलांना दोन-तीन पाठांतच कळलेले असते. छात्राध्यापकांना सांभाळून घेण्यात शाळेतली मुले आमच्यापेक्षा अनुभवी असतात. संध्याकाळी तो फोटो गटावर येतो, कुणाच्या स्टेटसवर झळकतो. सत्राच्या शेवटी त्याची रंगीत प्रिंट आंतरवासितेच्या अहवालात चिकटवली जाते आणि खाली सुबक अक्षरात लिहिले जाते : ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग’. आम्ही सगळेच हे करतो, आणि कुणी आमच्यावर तशी सक्ती केलेली नसते.

त्या फोटोत खोटे काही नसते. वर्ग खरा, मुले खरी, तक्ताही रात्री जागून रंगवलेला. तरी शिकवण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. प्रस्तावनेचे प्रश्न फसले का, कुणी दिलेले चुकीचे उत्तर फळ्यावर घेतले की ‘बस खाली’ म्हणून झटकले, घंटा झाली तेव्हा उपयोजन राहून गेले होते का, यातले काही त्यात येत नाही. समाजमाध्यमे, वर्गप्रकल्प आणि सहली या तीन गोष्टी प्रशिक्षणात वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात आणि त्यांच्यावर स्वतंत्र टिपणे लिहावी लागतात. मला मात्र तिन्हींत एकच पेच दिसत आला आहे. काम करताना माणूस दोन तऱ्हेचे कागद तयार करतो : एक नोंद आणि दुसरा पुरावा. नोंद आपल्यासाठी असते. उद्या तिच्याकडे परत यायचे असते, म्हणून चुकले तेही त्यात लिहावे लागते. पुरावा दुसऱ्यासाठी असतो. तो एकदा दाखवला की काम संपते, आणि चुकलेले काही त्यात ठेवून चालत नाही. शाळेला दोन्ही लागतात. पण पुरावा मागणारे दहा आणि नोंद मागणारे कोणीच नाही, अशी अवस्था आली की पुरावा नोंदीची जागा खातो. प्रकल्प कोरडा का होतो, सहल निव्वळ प्रवास का ठरते आणि मोबाइल वर्गात आला तरी शिकण्यात का उतरत नाही, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मला या एका अदलाबदलीत सापडते.

गंमत अशी की अध्यापक प्रशिक्षणात कॅमेरा आला तोच मुळी नोंदीसाठी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र बसवले, तेव्हा चित्रफीत हा त्यातला मोठा आधार होता. नवशिक्याने मोजक्या विद्यार्थ्यांना काही मिनिटे, एकच कौशल्य धरून शिकवायचे, मग स्वतःला पडद्यावर पाहायचे आणि पुन्हा शिकवायचे. आपल्याकडे रुजलेल्या रूपात हे चक्र ३६ मिनिटांचे आहे : ६ मिनिटे पाठ, ६ प्रत्याभरण, १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. यंत्रे परवडणारी नव्हती, म्हणून कॅमेऱ्याच्या जागी सहाध्यायी आला, हातात निरीक्षण तक्ता घेऊन. ‘बरं का’ किती वेळा म्हटले, प्रश्नानंतर किती थांबला, एकाच रांगेकडे किती वेळ पाहिले, याच्या खुणा तो करत जातो. चक्रातला सगळ्यात मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आहे, म्हणजे चुकीचे काय करायचे याचा. आज प्रत्येकाच्या खिशात त्या काळच्या स्टॅनफर्डला हेवा वाटावा असा कॅमेरा आहे. तरी अख्खा पाठ चित्रित करून घरी शांतपणे पाहणारा छात्राध्यापक क्वचितच. हा आळस नव्हे. स्वतःला शिकवताना पाहणे फार अवघड असते. आवाज परका वाटतो, तोंड सतत फळ्याकडे असते, आणि आपण प्रश्न विचारून दुसऱ्याच क्षणी आपणच उत्तर देऊन टाकतो हे पहिल्यांदा कळते. ती चित्रफीत कुणालाही दाखवावीशी वाटत नाही, आणि म्हणूनच ती नोंद आहे. तिच्यातलेच वीस सेकंद कापून खाली संगीत घातले की पुरावा तयार.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेत घालवायचे किमान २० आठवडे ठरवून दिले. त्यामागचा विचार रास्त होता. चार-दोन पाठ देऊन पळणाऱ्या पाहुण्याला वर्ग बदलताना दिसत नाही. सलग काही महिने राहिला तर दिसेल. पण ते महिने मोजले जातात अहवालांनी. वृक्षारोपण, हस्तलिखित, परिपाठ, पालक भेट, प्रत्येकाचा एक अहवाल आणि प्रत्येक अहवालाला फोटो. मग रोपाला पाणी कुणी घातले हा प्रश्न मागे पडतो. रोप लावतानाचा फोटो असतो, ते जगल्याचा नसतो.

आता प्रकल्प. विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा असा की मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू धरून, चारचौघांच्या सोबतीने केलेले काम म्हणजे प्रकल्प. ही व्याख्या आम्ही परीक्षेत घोटून लिहितो. महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत प्रकल्पाला मानाची जागा मिळाली. हेतू चांगलाच होता. लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाला आपले काही दाखवायला वाव मिळावा. पण नोंदवहीत रकाना आला, रकान्यामागून गुण आले आणि गुणांमागून फाइल आली. ती फाइल जवळून पाहण्यासारखी असते. वर पारदर्शक प्लास्टिक, आत चमकीच्या पेनाने लिहिलेले शीर्षक, मग अनुक्रमणिका, मग ऋणनिर्देश. ज्यात इयत्ता सातवीचे मूल ‘माझ्या मार्गदर्शकांनी वेळोवेळी केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल’ आभार मानते. पुढे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे आणि इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर. तो हाताने उतरवलेला असतो, कारण ‘स्वतःच्या अक्षरात लिहा’ अशी सूचना असते. आणि मधूनच एखाद्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात ३ हा आकडा येतो, पुढच्या ओळीत ४. विकिपीडियाच्या पानावरचे संदर्भ क्रमांक मुलाने जसेच्या तसे निळ्या शाईत उतरवलेले असतात. तो आकडा तिथे का आहे हे मुलाला माहीत नसते. तपासणारा तेवढे वाचत नाही. सही मात्र होते.

यावर जुनेजाणते शिक्षक म्हणतात की हे काही मोबाइलने आणलेले नाही. जर्नल उतरवून काढणे त्यांच्याही काळी होते. विज्ञानाच्या प्रयोगवहीत निरीक्षणे प्रयोगाआधीच भरली जात आणि दोलकाचा आवर्तकाल सगळ्या वर्गाचा एकसारखा यायचा. हा आक्षेप मला मान्य आहे. दुखणे जुने आहे, आणि मोबाइल नसता तर प्रकल्प आपोआप फुलले असते असे मानणे भाबडेपणाचे. फरक वेगाचा आणि प्रेक्षकांचा आहे. उतरवलेले जर्नल एका शिक्षकापुढे जाऊन कपाटात पडायचे. आज प्रकल्पाचा फोटो पालकांच्या गटावर, केंद्राच्या गटावर आणि शाळेच्या पानावर एकाच संध्याकाळी जातो. जितके प्रेक्षक अधिक, तितकी चूक महाग. मूल चुकण्याचा धोका पत्करत नाही, आणि चुकू नये म्हणून पालक काम स्वतःच्या हाती घेतात. वर्गात मांडलेल्या पन्नास प्रतिकृतींपैकी मुलांनी केलेल्या कुठल्या, हे ओळखणे सोपे असते : ज्या तिरक्या असतात त्या.

किलपॅट्रिकची व्याख्या पुरी करणारा एक प्रकल्प मात्र आपल्याकडे दरवर्षी होतो, आणि तो शाळेला सुट्टी असताना होतो. दिवाळीतला किल्ला. गल्लीतली पोरे कुठून तरी माती आणतात, विटा आणि दगड रचून त्यावर गोणपाट टाकतात, चिखल लिंपतात, वर अळीव किंवा मोहरी पेरतात. ती चार दिवसांत उगवली नाही तर पाणी जास्त झाले की बी जुने होते, यावर वाद होतो. भुयार करताना बुरूज ढासळतो, मग आतून पाइपाचा तुकडा घालायची युक्ती निघते. महाराजांना कुठे बसवायचे यावरून भांडण ठरलेले. तोफा उतारावर लावल्या तर गडगडतात हे कुणी सांगत नाही, तोफाच सांगतात. कुणी गुण देत नाही, म्हणून कुणी उतरवतही नाही. शेजारच्या गल्लीतला किल्ला पाहून त्याहून उंच करायचा, एवढाच निकष. हेतू मुलांचा, सोबत चारचौघांची, मूल्यमापन ढासळलेल्या बुरुजाचे. शाळेने यातून घ्यावे ते थर्मोकोलचा रायगड करून आणायला सांगणे नव्हे, तर ढासळण्याची मुभा. अलीकडे किल्ल्यांच्याही स्पर्धा होतात, फोटोवरून क्रमांक निघतात, आणि तयार साच्यातले तट बाजारात मिळू लागले आहेत. तिथेही पुरावा पोहोचला म्हणायचा.

प्रवासाची कथा याहून उघड आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाचे पाठ्यपुस्तक गेली काही वर्षे भारत आणि ब्राझील यांची तुलना करत आले आहे, आणि त्याचा पहिलाच पाठ आहे क्षेत्रभेट. कल्पना उत्तम. पाठाखाली प्रश्न आहेत : क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य घ्याल, कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा, क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा. यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता पाठ करता येते, आणि बहुतेक मुले तसेच करतात. टोपी, पाण्याची बाटली, होकायंत्र, नकाशा, वही, पेन, कॅमेरा, प्रथमोपचार पेटी. न गेलेल्या प्रवासाचे सामान इतके चोख भरलेले क्वचितच पाहायला मिळते. भूगोलाचा पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकालाही हा पाठ सोपा वाटतो, कारण तक्ता सुंदर होतो.

प्रवासात नोंद म्हणजे काय आणि पुरावा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात अजिंठ्याइतके स्पष्ट कुठे दिसत नाही. एप्रिल १८१९ मध्ये मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला, त्याला लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यात एका खांबावरच्या चित्रावर त्याने आपले नाव नि तारीख खरवडून ठेवली. मी इथे आलो होतो, यापलीकडे त्या खरवडीचा अर्थ नाही. सेल्फीचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्याच अजिंठ्यात १८४४ पासून रॉबर्ट गिल हा दुसरा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षे बसून चित्रांच्या नकला करत राहिला. त्याचे बहुतेक काम १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाले. त्यानंतर मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात राहिले. ते काम १८८५ पर्यंत चालले, आणि त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच आगीत गेल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. वर्गप्रकल्प आणि शैक्षणिक सहल यांचा इतका लांबलेला, इतका चिवट नमुना दुसरा मला ठाऊक नाही. तो निर्दोष होता असेही नाही; नकला करताना चित्रांवर चढवलेल्या व्हार्निशने मूळ रंगांचे नुकसान केले. पण त्या विद्यार्थ्यांना एका बोटाचे वळण काढायला किती वेळ लागतो हे हाताने कळले असणार. आजची सहल अजिंठ्यात दोन तास थांबते, त्यातला बराच वेळ रांगेत आणि गटफोटोत जातो. मुले परत येतात ती कुठल्या लेण्यात काय होते हे विसरून. बसमध्ये कोण कुठे बसले होते ते लक्षात ठेवून. मुलांचा यात दोष नाही. त्यांना पाहायला काही दिलेलेच नसते. अख्ख्या लेण्याऐवजी ‘एका चित्रातले फक्त दागिने पाहा आणि तीन काढून आणा’ एवढे सांगितले असते, तरी नजर थांबली असती.

सहलींवरचे दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला पैशांचा. एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते हे खरे, पण उरलेले निम्मे, खाणे आणि नवे बूट यांचा खर्च धरला तर प्रत्येक वर्गात काही मुले ‘गावाला जायचे आहे’ असे कारण सांगून मागे राहतात. दुसरा सुरक्षिततेचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर परवानग्या, संमतिपत्रे आणि मनाई केलेली ठिकाणे यांची यादी वाढली. ती वाढायलाच हवी होती. मुख्याध्यापक सहलीची जोखीम नको म्हणतात तेव्हा त्यांना भित्रे ठरवणे अन्यायाचे आहे. पण हे दोन्ही आक्षेप लांबच्या सहलीला लागू होतात, क्षेत्रभेटीला नाहीत. आठवडी बाजार, पोस्ट, दूध संकलन केंद्र, ओढ्यावरचा पूल, गिरणी, यांतले एक तरी शाळेपासून चालत दहा मिनिटांवर असते. वांगी कुठून आली, एवढा एकच प्रश्न घेऊन दहा विक्रेत्यांकडे गेलेली मुले भूगोल, गणित आणि थोडेफार समाजकारण घेऊन परततात. अशी भेट फारशी होत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही. भाजीच्या पाट्यांपुढे उकिडवी बसलेली पोरे ‘शैक्षणिक सहल’ या शीर्षकाखाली शोभत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे वळणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा आम्हाला शिक्षणाच्या इतिहासात पाच गुणांसाठी असते. तिला क्षेत्रभेटीच्या प्रकरणात बसवावे असे कुणाला सुचलेले दिसत नाही.

समाजमाध्यमांकडे येताना मी ‘मोबाइल वाईट’ या सुरापासून दूर राहू इच्छितो. त्यातून काही निघत नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि राहणार. प्रश्न असा की त्यातून येणाऱ्या मजकुराकडे मुलांनी नोंद म्हणून पाहावे की पुरावा म्हणून. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, पोटासाठी फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. तशा अफवांचे संदेश आधीपासून मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला जे जमले ते तिने केले. शाळेचे काम वेगळे आहे. अफवेचा संदेश हा पाहणाऱ्याशिवायचा पुरावा असतो. कुणी पाहिले, कधी, कुठे, किती अंतरावरून, यातले काहीच त्यात नसते. आणि नेमके हेच प्रश्न नोंद ठेवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून विचारावे लागतात. ज्या मुलाने बाजारातल्या दहा विक्रेत्यांची नावे, गावे आणि वेळ लिहून आणली, त्याला ‘सर्वांना पाठवा’ म्हणणाऱ्या संदेशात काय गाळले आहे ते लवकर दिसते. माध्यम साक्षरतेचा वेगळा तास घेऊन हे साधेल असे मला वाटत नाही.

समाजमाध्यमे वर्गात आणायची तर कशी, याचे एक उदाहरण लोणारचे. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळे घरी असताना, त्याचे पाणी गुलाबी झाले आणि ते फोटो घराघरांत पोहोचले. फोटो खरे होते. त्यांच्याखालची स्पष्टीकरणे मात्र प्रत्येक गटावर वेगळी होती, दैवी कोपापासून विषारी रसायनांपर्यंत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता; पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्याने ते माजले होते. आणि यातला वर्गासाठी सगळ्यात मोलाचा भाग हा : बाटलीत ठेवलेल्या नमुन्यात ते सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ दिसू लागले. हा एक फोटो घेऊन विज्ञानाच्या दोन तासिका होतात. आधी फोटो दाखवायचा, स्पष्टीकरण नाही. मुले जी कारणे सुचवतील ती सगळी फळ्यावर घ्यायची, दैवी कोपासकट. मग प्रत्येकापुढे विचारायचे : हे खरे असेल तर बाटलीतल्या पाण्याचे काय होईल? विषारी रंग पाण्यात विरघळलेला असेल तर तो बाटलीतही राहील. फोटो तिथे निकाल राहत नाही, सुरुवात होतो. मुलांना ही पद्धत लगेच कळते. अडचण आम्हाला येते, कारण पाठ टाचणात ‘विद्यार्थी प्रतिसाद’ या रकान्यात अपेक्षित उत्तर आधीच लिहावे लागते, आणि दैवी कोप तिथे लिहिणार कसा?

शिक्षकांच्या समाजमाध्यमांतल्या वावराची दुसरी बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. दोन शिक्षकी शाळेवर, डोंगरात, ज्याला आपल्या विषयावर बोलायला दुसरे माणूस नाही, त्याला हे गट म्हणजे शिक्षकखोलीच असतात. अपूर्णांक शिकवायची एखादी युक्ती, ध्वनिफितीतली कविता, स्थानिक बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणारे शब्दपट, हे सगळे तिथून तालुक्या-तालुक्यांत फिरते. जिल्हा परिषदेच्या शाळा म्हणजे गळके छप्पर अशी शहरातली समजूत होती, ती मोडण्यात अशा फोटोंचाच मोठा हात आहे. छात्राध्यापकांनीही तक्त्यांपेक्षा अधिक तिथून उचललेले असते. म्हणून मी म्हणत नाही की दाखवू नका. पण या गटांवर सर्वांत उपयोगी पडतो तो संदेश कोणता, हे पाहण्यासारखे आहे. ‘आज असे करून पाहिले, अर्ध्या वर्गाला कळले नाही, कुणी काय केले आहे?’ असा एखादा संदेश येतो आणि त्याला चाळीस कामाची उत्तरे येतात. फोटोला येतात ते अंगठे आणि फुले. शिवाय त्या फोटोत मुलांचे चेहरे असतात, आणि ते आपले नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या खातरजमा केलेल्या संमतीची अट घातली. पण कायदा बाजूला ठेवला तरी अक्षर चुकलेल्या पाटीसह मुलाला स्टेटसवर लावण्याचा हक्क चार महिन्यांच्या पाहुण्याला कुणी दिला?

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप : पुरावा नको तर कामाची खात्री कशी? सरकार पैसे देते, पालक विश्वास टाकतात, विद्यापीठाला गुण द्यावे लागतात. बरोबर आहे. पण पुराव्याचा अतिरेक कुठवर जातो तेही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यातल्या शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून सरकारी प्रणालीवर चढवावी असा आदेश निघाला. गळतीच्या वाटेवरची मुले शोधणे हा हेतू होता. शिक्षकांनी विरोध केला आणि तो बेत बारगळला. गैरहजर मूल सेल्फीत नसते, एवढे तर सेल्फीशिवायही कळते. ते का आले नाही हे सेल्फी सांगत नाही. ते हजेरीपटाच्या समासात शिक्षकाने पेन्सिलीने लिहिलेले असते : ऊसतोडीला, बहिणीला सांभाळायला, ताप. खात्री करायचीच असेल तर तपासणाऱ्याने समास वाचावा. त्यासाठी तपासणाऱ्याला वेळ लागेल, ही खरी अडचण आहे, आणि ती मी लहान मानत नाही. पन्नास छात्राध्यापकांचे अहवाल एका प्राध्यापकाने वाचायचे असतील तर तो फोटोच पाहणार.

तरी एका गोष्टीला वेळही फारसा लागत नाही आणि खर्चही नाही. पावसाळ्यात पाचवी-सहावीच्या वर्गाला पर्जन्यमापक करायला लावावे. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, गळ्याखाली कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. तळ वाकडा असतो म्हणून खाली खडे टाकून पाणी भरायचे आणि तिथे शून्याची रेघ मारायची. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा मोजते. मुलांनीही तीच वेळ पाळली तर वर्तमानपत्रातल्या आकड्याशी आपला आकडा पडताळता येतो, आणि दोन्ही जुळत नाहीत तेव्हा खरा तास सुरू होतो. वहीला दोन रकाने पुरतात, तारीख आणि मिलिमीटर. तिसरा रकाना मुले आपोआप पाडतात, शेऱ्याचा. अशी वही सप्टेंबरअखेर चाळली तर पाने चिखलाळलेली, अक्षर दर आठवड्याला बदललेले, आकड्यांमध्ये खाडाखोड असते. फोटो काढण्याजोगे तिच्यात काही नसते. मधे मधे मिलिमीटरचा रकाना रिकामा असतो आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेले असते : रविवार. कुणी आले नाही. किंवा : कुत्र्याने बाटली पाडली, मोजता आले नाही. किंवा एकाच तारखेपुढे दोन आकडे, आणि त्यांच्याखाली दोन नावे.